चिनहटच्या पलीकडचा बांध

गोमती नगर, लखनऊ
२ जून

ती. मधुसूदनराव यांस,

मायना काय लिहावा यातच अर्धी सकाळ गेली. 'ती. बाबांस' लिहिण्याचा माझा हक्क घटस्फोटाच्या कागदाबरोबर गेला की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून तूर्त नावानेच लिहिते. राग मानू नये.

पत्र कामाचं आहे. घरच्या कुठल्याही गोष्टीबद्दल यात अवाक्षर नाही. तुम्ही जन्मभर मातीची धरणं बांधलीत आणि माझ्या ओळखीत त्या विषयातलं दुसरं कुणी नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि साताऱ्याच्या घरातल्या इतर कुणाच्या मोबाइलवर मी निरोप ठेवणार नाही. म्हणून पोस्ट.

मी सध्या इथे रेल्वेचे पूल आणि मोऱ्या बघते. चिनहटच्या कारखान्यांच्या पुढे एक नाला आमच्या रुळाखालून गोमतीकडे जातो. मे महिन्यात त्या मोरीत एकदम गढूळ पाणी यायला लागलं. पावसाचा पत्ता नाही, कुठे पाइप फुटलेला नाही. कुठून येतंय म्हणून नाल्यातून वर चालत गेले, तर समोर मातीचा बांध. दोन मजली घराएवढा उंच. वरच्या बाजूला जी नवी बांधकामं चाललीत त्यांचा राडारोडा, कारखान्यांची राख, माती हे सगळं वाहून नदीत जाऊ नये म्हणून कधीतरी घातलेला. पाण्यासाठी नव्हेच, मलबा अडवण्यासाठी. इथले लोक 'मलबा बाँध' म्हणतात. वसाहतींचं सांडपाणी बारमाही येतं, त्यामुळे बांधामागे उन्हाळ्यातही तळं असतं.

आता मागची जागा मलब्याने जवळजवळ भरली आहे. माथ्यावर सुबाभळी माजल्यात. आणि पायथ्याशी, तळातून पाणी सोडणारा नळ बाहेर पडतो त्याच्या शेजारी, जमीन ओली आहे. तिथून पाणी झिरपतं. ओंजळीत धरलं तर बोटांना बारीक चिकणमाती लागते.

खाली कुंभारांची आणि भंगारवाल्यांची वस्ती आहे. त्याच्या खाली आमची लाइन.

हे किती गंभीर आहे, एवढंच विचारायचं आहे. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठवावं. नाही आलं तरी मी समजून घेईन. तुमच्या घरात राहून ती सवय झालेली आहे.

पूर्वा


लखनऊ
२० जून

ती. मधुसूदनराव यांस,

कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, पण अक्षर तुमचंच. 'पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेव. गढूळ असेल तर बांध आतून पोखरला जातोय. आधी सांडवा शोध.'

'ठेव', 'शोध'. तुम्ही मला अहो-जाहो केलं नाहीत. बरं वाटलं, हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले.

सांडवा शोधला. म्हणजे जादा पाणी बांधावरून न जाता बाजूने सुखरूप निघून जावं यासाठी ठेवलेली वाट. ती सापडायला वेळ लागला, कारण आता तिच्यावर एका नव्या वसाहतीचं फाटक आहे. फाटकाला लागून छातीएवढी भिंत, आत डांबरी रस्ता, मध्ये कारंजं. तिथल्या मॅनेजरला विचारलं तर तो हसून म्हणाला, "मैडम, यहाँ तो कभी पानी आया ही नहीं." म्हणजे येणाऱ्या पाण्याने जायचं कुठून, तर बांधाच्या डोक्यावरून. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की काय होतं, हे जेवणाच्या टेबलावर आमटीच्या वाटीने आणि भाताच्या ढिगाने तुम्हीच मला दाखवलं होतंत. भात वाहून गेला होता आणि आईंनी आपल्या दोघांनाही झापलं होतं.

खालच्या वस्तीत गेले. तिथे रामदुलारी म्हणून एक बाई आहेत. कुंड्या आणि सुरया बनवतात, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. मी धोका समजावून सांगितला. चाकावरचा हात न थांबवता त्या म्हणाल्या, "हर दो-चार साल में कोई न कोई डराने आता है. कभी बीमारी का डर, कभी बाढ़ का. बाद में पता चलता है, ज़मीन किसी को चाहिए थी. आपको किसने भेजा है?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"तो फिर आपकी बात कौन सुनेगा?" असं म्हणून त्यांनी मला चहा दिला. बाई खोटं बोलत नव्हत्या. चहाही चांगला होता.

आता आर्याची बस यायची वेळ झाली, थांबते. नळाच्या वरच्या तोंडात पॉलिथिन आणि फांद्या अडकून ते पाऊणएक बंद झालं आहे, हेही सांगायचं होतं.

पूर्वा


लखनऊ
११ जुलै

ती. बाबा,

शि. सा. न. तुमचं लांबलचक पत्र परवा आलं. तुम्हीच लिहिलंत की 'मधुसूदनराव हे मला दूधवाला म्हणतो, तू म्हणू नकोस', तेव्हा आता हा प्रश्न मिटला.

बाकी जे लिहिलंत त्याला उत्तर देणं सोपं नाही. त्या दिवशी साताऱ्यात सगळे जमलेले, संकेत म्हणत होता की हिला घरापेक्षा पूल प्रिय आहेत, आणि तुम्ही वर्तमानपत्र धरून बसला होता. सहा वर्षं मी समजत होते की तुम्हालाही तसंच वाटतं. तुम्ही लिहिता की पेपर उलटा होता आणि तुम्हाला ते कळलंही नाही. 'मुलाच्या विरुद्ध बोलायची हिंमत झाली नाही, आणि नंतर तुला तोंड दाखवायची झाली नाही.' बाबा, ही दोन वाक्यं त्या खोलीत बोलला असतात तर निकाल बदलला नसता, पण मला निघताना पाठीमागे वळून बघावंसं वाटलं असतं. असो. मी रागावले होते. आता तेवढी नाही.

तुम्ही आर्याबद्दल विचारलंत. मागच्या पत्रात तिचं नाव चुकून निसटलं, मी तिला यात आणणार नव्हते. बारा वर्षांची आहे. उंच झाली आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. तुमचं पत्र तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "मम्मा, आजोबा की राइटिंग डॉक्टर जैसी है. पर सॉरी तो ठीक से लिखा है."

आता बांध. तुम्ही सांगितलंत तसं पाझराखाली बादली ठेवून माती खाली बसू दिली. तळाशी गाळाचा थर धरतो, आणि तो दर आठवड्याला जाड होतोय. पाणीही वाढलंय. मी फोटो, आकृत्या घेऊन इथले एसडीएम, म्हणजे आपल्याकडचे प्रांत, आदेश श्रीवास्तव यांच्याकडे गेले. तरुण आहेत, ऐकून घेतात. त्यांनी तीन खात्यांना फोन लावले. मग म्हणाले, "मैडम, अजीब बात है. काग़ज़ पर ये बाँध है ही नहीं. ज़मीन एक की, नाला दूसरे का, और बाँध किसी का नहीं." धरण म्हणून कायद्यात बसायला त्याची उंची कमी पडते, आणि भिंत म्हणून सोडून द्यायला तो फार मोठा आहे. मलबा अडवायला बांधलेल्या गोष्टीची पुन्हा कुणी चौकशीच केली नाही. त्यांनी पाहणीला येतो म्हटलं आहे.

इथे सगळं ठीक आहे. ऑफिसातही ठीक.

तुमची
पूर्वा


लखनऊ
३ ऑगस्ट

ती. बाबा,

शि. सा. न. ऑफिसात ठीक आहे असं मागे लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. वसाहतीच्या बिल्डरने माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे. रेल्वेची अधिकारी खाजगी जागेत शिरते, फ्लॅट घेणाऱ्यांना घाबरवते, धंद्याचं नुकसान करते. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. आमचे साहेब चंद्रशेखरजी वाईट नाहीत, पण त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवून विचारलं, "पूर्वा जी, लाइन हमारी है, मोरी हमारी है. बाँध हमारा कब से हो गया?"

मी म्हटलं, "जब टूटेगा, सर, तब से."

त्यांनी फाइल परत आपल्याकडे ओढून घेतली. मी आगाऊपणा केला असं मला वाटत नाही.

दुसरं. काल संकेतचा फोन आला. सहा वर्षांत दुसऱ्यांदा. तुमच्या टेबलावर माझी पत्रं त्याला दिसली. म्हणाला, 'बाबांचं वय बघ. ते रात्रंदिवस कागदावर बांध काढत बसतात, जेवायला हाक मारली तर येत नाहीत. त्यांना यात ओढू नकोस.' मी त्याच्याशी भांडले नाही. तुमची काळजी करण्याचा त्याला अधिकार आहे, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. म्हणून विचारते, पत्रं थांबवू का? तुम्ही 'हो' लिहिलंत तर मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. मला आता पुढचं काय करायचं ते बऱ्यापैकी माहीत आहे.

पाऊस अजून बेताचाच आहे. एसडीएम दोनदा येतो म्हणून आले नाहीत.

तुमची
पूर्वा


लखनऊ
२७ ऑगस्ट

ती. बाबा,

शि. सा. न. साताऱ्याला सुखरूप पोहोचलात हे आईंनी संकेतच्या मोबाइलवरून आर्याला कळवलं. त्याच मोबाइलवरून, याची मी नोंद घेतली आहे.

'पत्रं थांबवू का' या प्रश्नाला माणूस हो किंवा नाही लिहितो. काठी, टोपी आणि लाडवांचा डबा घेऊन चारबाग स्टेशनवर उतरत नाही. दारात तुम्हाला बघितल्यावर आर्याने "आप आजोबा हो?" म्हणून तुमची पिशवी काढून घेतली, तेवढ्यात मला आत जाऊन डोळे धुता आले.

तुम्ही सगळं पाहिलंत, मी काय सांगणार. पण त्या दिवशी बांधावर तुमच्या कानातलं यंत्र बंद पडलं होतं हे मला नंतर कळलं. म्हणजे तुम्ही बोललात, आणि लोक काय बोलले ते तुम्हाला ऐकूच आलं नाही. ते लिहिते.

तुम्ही काठी टेकत पायथ्याशी उतरलात, चिखलात गुडघे टेकून पाझराचं पाणी जिभेवर घेऊन थुंकलात, तेव्हा वसाहतीचा मॅनेजर अखेर पाहणीला आलेल्या आदेशजींना म्हणाला, "सर, ये बुज़ुर्ग कौन हैं? किस विभाग से हैं?" आदेशजी म्हणाले, "पता नहीं. पर जूते उतारकर नीचे उतरे हैं. आप भी उतरिए." त्याला उतरावं लागलं. त्याच्या पॅंटची शोभा तुम्ही पाहिलीतच.

मग वस्तीतले लोक जमले. रामदुलारींनी तुम्हाला मोठ्याने विचारलं, "बाबूजी, सच बताइए. आप यहाँ अपना घर बनाते?" मी तुमच्या कानाशी ओरडून सांगितलं. तुम्ही त्या सातारी हिंदीत म्हणालात, "नहीं बनाता. लेकिन आपको भी नहीं हटाता. आदमी को मत हटाव, पानी को हटाव."

त्यानंतर रामदुलारी काय म्हणाल्या ते आता ऐका. त्या मागे वळून आपल्या लोकांना म्हणाल्या, "इतने साल में पहला आदमी आया है जो हमको छोड़कर पानी को डाँट रहा है. इसकी बात सुनो." आणि मग मॅनेजरकडे बोट करून, "और ये जो फाटक लगाकर बैठे हैं, इनसे कहो रास्ता छोड़ें. पानी बेचारा कहाँ जाए?"

एसडीएमनी तिथेच सांगितलं की सांडव्यावरची भिंत काढायची, रस्ता खाली घ्यायचा, नळाचं तोंड साफ करायचं. नळाचं काम झालं. पाणी उतरतंय, पण हळूहळू. भिंतीचा लेखी हुकूम मात्र बिल्डरच्या वकिलाने हरकत घेऊन अडवून ठेवला आहे, सही व्हायची आहे. रामदुलारींनी मात्र शब्द पाळला. वर उंचावर जी प्राथमिक शाळा आहे तिच्या व्हरांड्यात त्यांनी लहान मुलांची दप्तरं, धान्य, मोडकं-तोडकं सामान आधीच नेऊन ठेवलं आहे. पाणी वाढलं तर कुणी कुणाला उचलायचं हेही ठरलंय.

तुम्ही निघताना स्टेशनवर माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटलात. गाडीच्या भोंग्यात मला ऐकू आलं नाही. विचारणार नाही. जे असेल ते मिळालं.

तुमची
पूर्वा


लखनऊ
१६ सप्टेंबर

ती. बाबा,

शि. सा. न. बांध टिकला. वस्ती जागेवर आहे. एकाही माणसाला खरचटलंसुद्धा नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

शनिवारी पहाटेपासून पाऊस लागला. इतक्या दिवसांचा राहून गेलेला सगळा एकदम. मी उजाडता बांधावर पोहोचले तेव्हा मागचं तळं वीतभर चढलेलं, आणि बघता बघता चढतच होतं. मलब्याने जागा खाल्लेली, पाण्याला मावायला ठिकाणच नाही. मी आधी लाइनवरच्या गाड्या थांबवल्या. तेवढं माझ्या हातात होतं. मग चंद्रशेखरजींना फोन केला. ते म्हणाले, "लाइन बचानी है न? तो जहाँ से लाइन डूबेगी, वहीं काम कीजिए. जेसीबी भेज रहा हूँ, गैंग भी." खुलाशाची फाइल अजून त्यांच्याच टेबलावर होती, बाबा.

रामदुलारींनी थाळी बडवून वस्ती रिकामी केली. म्हातारीकोतारी खाटांवरून, पोरं पाठीवरून, शेळ्यांसकट सगळे शाळेत. ज्यांचे हातपाय धड होते ते मात्र परत आले. मी म्हटलं, वर थांबा. त्या म्हणाल्या, "घर हमारा, पानी हमारे सिर पर, और काम आप अकेली करेंगी?" मग मी एकाला माथ्यावर उभं केलं, पाण्यावर नजर ठेवायला. त्याने गमछा हलवला की सगळ्यांनी कामं टाकून चढावर पळायचं, असं बजावलं.

तोवर पायथ्याचा पाझर पाझर राहिला नव्हता. चुलीवरच्या रस्स्यासारखा खदखदत होता, भोवती वाळूचं कडं, पाणी चहासारखं. रेल्वेचा एक मुकादम माती भरलेली पोती घेऊन तिथे बूच मारायला धावला. मी किंचाळलेच. तुमचं वाक्य जसंच्या तसं मनात आलं, 'पाणी अडवू नको, माती अडव.' तोंड बंद केलं असतं तर ते पाणी दुसरीकडून फुटलं असतं. आधी भरड वाळू टाकली. तिच्यावर बारीक खडी. तिच्यावर मोठे तुकडे हवे होते आणि आमच्या खडीची गाडी चिखलात रुतलेली. रामदुलारींनी विचारलं, "क्या चाहिए, टुकड़े? टुकड़ों की यहाँ क्या कमी है?" कुंभारांच्या भट्ट्यांमागे फुटक्या सुरया, कुंड्या, कौलांचे ढीग पडलेले असतात. बायकांनी रांग लावली. घमेली हातोहात आली. त्या चिकणमातीच्या भाजलेल्या तुकड्यांचा थर आम्ही वाळू-खडीवर रचला, बाजूने पोत्यांचं कडं केलं, आणि मी भिजत तिथे उकिडवी बसून बघत राहिले. पाणी येत होतं, तसंच येत होतं. मग चहाचा रंग फिका झाला. मग आणखी फिका. मी ओंजळ भरली. तळहातावरच्या रेषा दिसल्या.

मी "बाबा!" म्हणून ओरडले. सगळ्यांना वाटलं मी देवाचं नाव घेतलं, आणि त्यांनीही "जय हो" म्हणून आरोळी दिली.

पण वरचं पाणी चढतच होतं. माथ्याला आता हातभरच कमी होतं, आणि भिंत तशीच उभी. आदेशजींना फोन लावला. ते दुसऱ्या तहसिलीत पुरातच अडकलेले. मी म्हटलं, "सर, दीवार तोड़नी पड़ेगी, अभी. हुक्म पर सही नहीं है." पलीकडून नुसती खरखर. "मैडम, सुनिए..." एवढं ऐकू आलं आणि फोन गेला. पुन्हा लागेना.

फाटकावर मॅनेजर छत्री घेऊन उभा. मागे त्याचे वकील, गाडीत. तो म्हणाला, "काग़ज़ दिखाइए." मी म्हटलं, कागद नाही. "तो नौकरी जाएगी आपकी." मला आर्याची फी आठवली, घराचा हप्ता आठवला. मग मागे बघितलं. वस्तीतली घरं रिकामी होती, पण प्रत्येक दाराला बाहेरून कडी घातलेली. लोक परत येणार म्हणून कडी घालून गेले होते.

मी जेसीबीवाल्याला हात केला.

एकदम पाडली नाही. वरून थोडी थोडी, म्हणजे पाण्याचा लोंढा सुटू नये. पहिली वीट निघाली तशी पाण्याची जीभ बाहेर आली. मग भिंतीत खाच पडली, मग फाटकाचा एक खांब कलला, आणि पाणी वसाहतीच्या त्या चकचकीत रस्त्यावरून, कारंज्याला वळसा घालून, जुन्या सांडव्याच्या चरात पडलं. बाबा, त्याला वाट आठवत होती. वस्तीला लांबून वळसा घालून ते खाली नाल्याला मिळालं. आमच्या मोरीतूनही पाणी नीट गेलं. माथ्यावरच्या माणसाने गमछा हलवला. सगळे दचकले. पण तो खाली धावत, हसत आला, "रुक गया! पानी रुक गया! उतर रहा है!"

मग काय झालं ते मला लिहिता येत नाही. रामदुलारींनी मला उचललं. मी काही हलकी नाही. चिखलाने भरलेली पन्नास-साठ माणसं नाचत होती, रेल्वेचे गॅंगमन, कुंभार, भंगारवाले, आणि वसाहतीच्या गॅलऱ्यांमधून जी माणसं सकाळी मला शिव्या देत होती ती टाळ्या वाजवत होती. त्यांना आता कळलं होतं की त्यांच्या इमारतीही त्याच पाण्याच्या काठावर आहेत.

त्याच संध्याकाळी आर्याने तुम्हाला व्हिडिओ पाठवला. संकेतच्या मोबाइलवर. त्याचं उत्तर आलं. फक्त दोन शब्द, 'जबरदस्त, पूर्वा.' मी ते ठेवून दिलं आहे. त्याहून जास्त काही नको आहे मला, पण तेवढं हवं होतं हे आता कळलं.

तुमची
पूर्वा


लखनऊ
८ ऑक्टोबर

ती. बाबा,

शि. सा. न. चौकशीचं विचारलंत. ती परवा शाळेतच झाली, मुद्दाम तिथे ठेवली आदेशजींनी. बिल्डरचे वकील दोन तास बोलले. मुद्दा एकच, कागदावर सही नसताना खाजगी भिंत कुणाच्या हुकमाने पाडली.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. उभी राहिले आणि म्हटलं, "मैंने तुड़वाई. किसी और का इसमें हाथ नहीं." माझं वाक्य संपायच्या आत रामदुलारी उभ्या राहिल्या, "झूठ बोल रही हैं. हम सबने तोड़ी." त्यांच्यामागे अख्खा व्हरांडा उभा राहिला. मग, हे ऐका, वसाहतीतले एक निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले की फाटक आमच्या पैशाचं होतं, आम्हाला त्याची तक्रार नाही.

वकील म्हणाले, "ये भावना है, हुक्म कहाँ है?"

आदेशजींनी पेन खाली ठेवलं. "हुक्म मैंने दिया था. मैडम ने फ़ोन किया, मैंने कहा तोड़ दीजिए." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "फ़ोन कट गया था, वकील साहब. हुक्म नहीं कटा था." आणि कारकुनाला, "लिखिए."

त्याने लिहिलं. माझ्यावरची तक्रार निकालात निघाली. चंद्रशेखरजींनी खुलाशाची फाइल बंद करून वर फक्त 'देखा' असा शेरा मारला, आणि मला चहाला बोलावलं.

आता सांडव्यावर भिंतीऐवजी सखल फरशी होतेय, पाणी आलं तर वरून जाईल, नाही तर गाड्या जातील. मागचा मलबा उपसणं चालू आहे. सुबाभळी काढल्या. पाझरावर तुमच्या नकाशाप्रमाणे पक्कं गाळण बसवलं. आणि बांध आता सरकारदरबारी आहे. त्याला एक नंबर मिळालाय, एक जबाबदार अधिकारी मिळालाय, आणि दर पावसाळ्याआधी त्याची तपासणी करायची असं लेखी ठरलंय. वस्तीला हलवायचा विषय कुणी काढलेला नाही.

दिवाळीत आम्ही साताऱ्याला येतोय. आर्याने तिकिटं स्वतः काढली. संकेत आणि त्याची बायको असतील तर असू द्या. मी आता त्या घरात पाहुणी म्हणून येईन, आणि मला ते जमेल.

एक गोष्ट राहिली. काल ऑफिसच्या बाहेर चार माणसं बसली होती, मलिहाबादच्या बागांकडून आलेली. सोबत आंब्याच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर काढलेलं चित्र, नाला, झाडं आणि त्यांच्या गावावरचा एक मातीचा बांध. शिपायाने त्यांना हटकलं तर म्हणाले, आम्हाला रेल्वेचं काही काम नाही. मी बाहेर आले. त्यांच्यातला म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने विचारलं, "बाँध वाली मैडम आप ही हैं?"

मी हो म्हटलं. सोमवारी बघायला जातेय.

तुमची
पूर्वा